मोडीचा भाव

क्लोद बालँ हा पॅरिसचा चांदीकाम करणारा कारागीर 1678 साली वारला. त्यानंतर अकरा वर्षांनी जे घडले ते पाहायला तो हयात नव्हता, हे बरेच झाले. कारागिराला आपल्या हातचे काम चोरीला गेलेले सोसते, परक्याच्या घरी गेलेले सोसते. पण ते डोळ्यांदेखत मुशीत गेलेले सोसवत नाही.

बालँ काम करी ते फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी. राजाचा मुख्य चित्रकार शार्ल ल ब्रं आराखडे काढी आणि गोब्लँच्या कारखान्यात आणि पॅरिसच्या निवडक कामशाळांत ते चांदीत उतरत. मेजे, उंच दीपदाने, आरशांच्या चौकटी, संत्र्यांची झाडे लावायच्या कुंड्या, सगळे चांदीचे. त्यांच्या जोडीला झाऱ्या, थाळे आणि रुंद तबके. राजा जेवायला बसला की लोकांनी ते पाहायचे, अशी त्या दरबाराची रीत होती. म्हणून ताटावरचे झाकण उचलले जाण्याआधी ताटाकडेच नजर जावी, अशी योजना असे.

त्यातले एक तबक कसे तयार होई ते जरा जवळून पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आधी चांदीची लगड ठोकून पत्रा करायचा. पॅरिसच्या कारागिरांच्या पंचायतीचा नियम कडक होता: हजार भागांत सुमारे 958 भाग शुद्ध चांदी हवी. इंग्लंडात 925 चालत असे, पॅरिसला चालत नसे. इतकी शुद्ध चांदी मऊ असते, हातोडीखाली छान वळते, पण ठोकता ठोकता तीही ताठर होते. मग ती तापवायची, निववायची आणि पुन्हा ठोकायची. असे कितीतरी वेळा. आकार आला की तबक राळेच्या गादीवर बसवायचे आणि छोट्या-छोट्या छिन्न्यांनी एकदा मागून फुगवत, एकदा पुढून दाबत वेलबुट्टी, मुखवटे, शिंपले उठवायचे. एक ठोका जास्त पडला तर पत्रा फाटतो. मुठी वेगळ्या ओतायच्या आणि डाग देऊन जोडायच्या. कारागिराचा ठसा उमटवायचा, पंचायतीकडून कस लावून तिचा ठसा घ्यायचा, सरकारी कराचाही ठसा असायचाच. शेवटी घासून, ओपून झिलई आणायची. एवढे झाले की मग ते तबक राजाच्या पंगतीत.

1684 साली व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल पुरा झाला. दोन वर्षांनी सयामचे वकील तिथे आले, तेव्हा महालाच्या टोकाशी चांदीचे सिंहासन मांडले होते आणि दुतर्फा चांदीचे सामान. आरशांत त्याची प्रतिबिंबे पडत होती. दर्यापार देशांच्या दरबारांत या चांदीची चर्चा होई आणि युरोपातले लहानमोठे राजे आपल्याकडेही तसे काही असावे म्हणून धडपडत. राजाने काय कमावले होते म्हणाल तर हेच: साऱ्या जगाने त्याच्या घरच्या भांड्यांचे नाव घ्यावे.

मग लढाई आली. 1688 पासून जवळजवळ सगळा युरोप एका बाजूला आणि फ्रान्स एका बाजूला. सैन्याला पगार हवा, दारूगोळा हवा, घोड्यांना दाणा हवा. खजिन्यात नाणे नव्हते आणि नाणे पाडायला चांदी नव्हती. डिसेंबर 1689 मध्ये राजाने हुकूम काढला. (आपल्याकडे त्याच वर्षी संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगड मोगलांच्या हाती गेला, काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो.) हुकूम असा की, राजवाड्यातले चांदीचे मोठे सामान टाकसाळीत जावे. प्रजेनेही आपल्याकडची मोठी चांदी आणून द्यावी, आणि यापुढे तसली अवजड चांदीकामे कोणी करू नयेत.

हा हुकूम देताना राजाला वाईट वाटले नसेल असे मी म्हणणार नाही. त्याने स्वतःपासून सुरुवात केली, ही गोष्ट लहान नाही. दुसऱ्याच्या घरात हात घालण्याआधी आपले घर रिकामे करणारे राजे इतिहासात फार नाहीत. पण त्याची नजर वजनावर होती. एवढ्या मोठ्या राशीतून नाणे भरपूर निघेल असा त्याचा अंदाज होता.

पुढचे काही महिने, 1690 च्या मे महिन्यापर्यंत, टाकसाळीच्या भट्ट्या ही चांदी गिळत राहिल्या. सुमारे 20 टन. मुशीत मावावे म्हणून मोठे सामान आधी फोडावे लागे. ज्या हातोडीने ते घडले तसल्याच हातोडीने ते चेपायचे, मुठी उखडायच्या, पाय तोडायचे. उठावाच्या कामाचा चुरा व्हायला काही क्षण पुरतात. हिशेब झाला तेव्हा हाती आले 25 ते 30 लाख लिव्र, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच चलनात. ही चांदी घडवताना सुमारे 1 कोटी लिव्र खर्च झाले होते असे सांगतात.

मधले सत्तर-पंच्याहत्तर लाख गेले कुठे? कोणी चोरले नाहीत. आपल्याकडे मोड घेऊन सराफाच्या पेढीवर गेलेली कुठलीही बाई याचे उत्तर देईल: सराफ वजन करतो, तूट धरतो, बट्टा कापतो आणि घडणावळीचा एक पैसा परत देत नाही. लग्नात हट्टाने करून घेतलेल्या नक्षीचा भाव पेढीवर शून्य असतो. फ्रान्सच्या राजाला हाच हिशेब लागू झाला. ल ब्रंची कल्पना, बालँचा हात, वर्षानुवर्षांची कोळशाची धग, काजळी खाल्लेले डोळे, यातले काहीही तराजूत चढले नाही. आणि लढाई पुढे 1697 पर्यंत चाललीच.

या सगळ्यात एक माणूस असा होता की ज्याने वेगळा हिशेब केला. निकोला दलोने त्याचे नाव. तोही चांदीकाम करणारा, बालँच्या घराशी सोयरिकीने जोडलेला. शार्ल पेरोने, म्हणजे ज्याची सिंड्रेलाची गोष्ट आपली मुले वाचतात त्याने, आपल्या काळातल्या थोर माणसांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात सरदार आणि विद्वान यांच्या रांगेत त्याने बालँलाही बसवले. मुशीत जाण्याआधी बालँच्या बहुतेक कामांची चित्रे या दलोनेने काढून ठेवली, असे पेरो सांगतो. राजाज्ञा मोडण्याची दलोनेची ताकद नव्हती. एखादे तबक अंगरख्याखाली लपवून नेण्याचा तो माणूस नव्हता. वजन राजाचे होते, ते राजाकडे गेले. घडण मात्र त्याने कागदावर उतरवून घेतली. तिच्यावर कोणी हक्क सांगितला नव्हता, कारण तिला किंमत आहे हेच कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

वीस वर्षे गेली. राजाने सत्तरी गाठली. पुन्हा लढाई चालूच होती, स्पेनच्या गादीवरून पेटलेली. आणि 1709 चा जानेवारी उजाडला. 5 तारखेच्या रात्री थंडीची अशी लाट आली की नद्या गोठल्या. व्हर्सायच्या राजवाड्यात, शेकोट्या पेटलेल्या खोल्यांत, कपाटातल्या अर्कांच्या बाटल्या गोठून फुटल्या, असे तिथल्याच एका सरदाराने लिहिले आहे. शेतात पेरलेला गहू जमिनीतच मेला. उन्हाळा येईपर्यंत पावाचा भाव गरिबाच्या हाताबाहेर गेला. त्या थंडीने आणि मागून आलेल्या दुष्काळाने फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे 6 लाख माणसे जास्त मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

खजिना पुन्हा रिकामा. अशा वेळी ग्रामोंच्या डचेसच्या मनात एक कल्पना आली: आपण आपली जेवणाची चांदी राजाला अर्पण करावी. सरदार बूफ्लेर याच्यामार्फत ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. अर्थमंत्र्याला आणि चान्सेलरला ही युक्ती पटत नव्हती. यातून मिळणार थोडे आणि आपण किती खंगलो आहोत हे शत्रूला मात्र कळणार, हे त्यांना दिसत होते. तरी राजाने होकार दिला.

मग जे झाले ते सँ-सिमों या ड्यूकने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. वर बाटल्यांची हकीकत आली ती त्याचीच. चांदी देण्याच्या दोन वाटा होत्या. ज्याला मोल हवे त्याने टाकसाळीत न्यायची. ज्याला अर्पण करायची त्याने राजाच्या चांदीकाराकडे न्यायची, आणि हा चांदीकार म्हणजे आपला दलोनेच. तो वहीत देणाऱ्याचे नाव आणि चांदीचे वजन लिहून घेई. वजन मार्कात, एक मार्क म्हणजे आपले सुमारे 245 ग्रॅम. ही यादी राजा स्वतः वाचतो, निदान पहिले काही दिवस तरी वाचतो, ही बातमी दरबारात पसरली.

बातमी पसरली आणि सगळ्यांना दानाची आठवण झाली. आपले नाव यादीत नाही हे राजाच्या लक्षात आले तर? आठवड्याभरात थोरामोठ्यांच्या पंगतीतून चांदी नाहीशी झाली आणि तिच्या जागी झिलईदार मातीची भांडी आली. दुकाने रिकामी पडली. दांतँ नावाच्या एका दरबाऱ्याकडे फार सुबक चांदी होती. त्याने पॅरिसला धाव घेतली, उत्तमोत्तम चिनी मातीची भांडी स्वस्तात मिळवली, दोन दुकानेच्या दुकाने उचलली आणि ती गाजावाजा करत व्हर्सायला आणवली. त्याग केल्याचे सगळ्यांना दिसले पाहिजे ना.

सँ-सिमोंचे स्वतःचे काय? तो थांबला. ही युक्ती त्याला मुळीच आवडली नव्हती. पण आपल्या बरोबरीच्या लोकांत आता जवळजवळ आपण एकटेच चांदीच्या ताटात जेवतो आहोत असे दिसल्यावर त्याने सुमारे हजार पिस्तोल (त्या काळचे सोन्याचे नाणे) किमतीची चांदी टाकसाळीत पाठवली आणि उरलेली कुलूपबंद केली. पाठवली कोणती? वडिलांच्या वेळची जुनी, साधी, फारशी घडण नसलेली. तिच्याबद्दल हळहळ वाटली नाही, मातीच्या भांड्यांत जेवण्याची गैरसोय आणि अस्वच्छता तेवढी जाणवली, असे तो लिहितो. मला या माणसाचा राग येत नाही. त्याने निदान जे केले ते जसेच्या तसे सांगितले. नक्षीची राखायची आणि साधी द्यायची, हे त्याला समजत होते. म्हणजे चांदीत वजनापलीकडे काही असते हे त्याला पक्के ठाऊक होते.

हाच हिशेब इतरांनीही केला असणार. घरात चांगली भांडी कुलपाआड, वहीत पोचे आलेली. तराजूला काय, दोन्ही सारखीच. यादीत शंभर माणसेही भरली नाहीत आणि सगळ्याचे मिळून 30 लाख लिव्रही झाले नाहीत, असे सँ-सिमों सांगतो. स्वतः राजाने आपली सोन्याची भांडी टाकसाळीत पाठवली. पण तीन महिन्यांच्या आत त्याला या सगळ्या प्रकाराची लाज वाटू लागली आणि आपण होकार द्यायला नको होता, असे त्याने बोलूनही दाखवले. देश भुकेला होता, सैन्य उपाशी होते आणि दरबार यादीत नावे घालत होता. त्या सहा लाखांतला एकही माणूस त्या तबकांनी वाचला नाही.

इथे मला माझे मत सांगितलेच पाहिजे. भुकेल्याच्या तोंडात घास जावा म्हणून कोणी घरातले शेवटचे भांडे मोडले, तर मी त्याच्या पाया पडेन. माणसापुढे कुठलीही कलाकुसर मोठी नाही. देवळातली चांदीही अशा वेळी मोडावी. पण मोडताना आपण काय मोडतो आहोत हे माहीत असले पाहिजे. 1689 साली राजाला ते माहीत नव्हते, म्हणून त्याने कोटीचे मोडून पंचवीस-तीस लाख आणले. 1709 साली दरबाऱ्यांना ते नीट माहीत होते, म्हणून त्यांनी उत्तम ते लपवले आणि नाव मात्र दानशूराचे लावून घेतले. दोन्ही वेळा देशाच्या हाती फारसे काही लागले नाही.

आता त्या चांदीचे काय झाले ते ऐका.

चौदाव्या लुईच्या नातवाच्या मुलाने, पंधराव्या लुईने, 1759 साली लढाईसाठी पुन्हा भांडी मागवली. मग राज्यक्रांती आली आणि उरलेसुरलेही मुशीत गेले. व्हर्सायमधल्या बालँच्या त्या चांदीच्या सामानातला एकही नग आज माहीत नाही. जुनी फ्रेंच चांदी ज्यांना पाहायची त्यांनी फ्रान्सबाहेर जावे, अशी स्थिती झाली. कारण वाचले ते बहुतेक परदेशी राजांनी मागवलेले किंवा भेट म्हणून बाहेर गेलेले. पोर्तुगालचे उदाहरण घ्या. लिस्बनला 1755 साली भूकंप झाला, राजवाड्यातली फ्रेंच चांदी गाडली गेली. जोसे राजाने पॅरिसच्या फ्रान्स्वा-तोमा झेर्मँकडे नवी भांडी सांगितली. पुढे 1807 साली नेपोलियनचे सैन्य चालून आले तेव्हा पोर्तुगालचा दरबार जहाजांत बसून ब्राझीलला गेला. एवढ्या वादळातूनही झेर्मँची रश्श्याची झाकणदार पातेली आणि तबके टिकली. लिस्बनच्या संग्रहालयात आज ती पाहता येतात. घडवणाऱ्या झेर्मँचे 1765 साली दिवाळे निघाले, भांडी मात्र परक्या घरी सुखरूप राहिली. रशियाच्या कॅथरीनने 1770 साली पॅरिसलाच मागवलेला ताटवाट्यांचा मोठा संच, तीन हजारांवर नगांचा, तोही असाच देशोदेशी फिरला. त्यातली काही पातेली आज पुन्हा पॅरिसच्या संग्रहालयांत आहेत, कारण फ्रान्समधल्या जाणकारांनी ती परदेशातून विकत घेतली. स्वतःच्या देशात घडलेली वस्तू दाम मोजून परत आणावी लागली.

व्हर्सायने 2007 साली एक प्रदर्शन भरवले: राजवाड्यात चांदीचे सामान होते तेव्हा तो कसा दिसत असेल, हे दाखवायचे. त्यासाठी डेन्मार्कहून, जर्मनीहून, इंग्लंडहून वस्तू उसन्या आणाव्या लागल्या. लुईचे पाहून ज्यांनी आपल्याकडे तशी कामे करून घेतली होती, त्यांची ती चांदी. त्यांनी लुईचे सगळे अनुकरण केले, फक्त मोडीचे केले नाही.

आणखी दोन ठिकाणी ती घडण उरली. एक, दलोनेसारख्यांच्या कागदांवर. त्या काळच्या फ्रेंच चांदीकामाची रेखाटने स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. स्वीडनच्या राजाचा वास्तुकार टेसिन हा जाणता माणूस, त्याने पॅरिसमधून अशी चित्रे गोळा करवली होती. दोन, मातीत. सरदारांनी चांदी दिली आणि रुआँ, नव्हेर, मूस्तिये इथल्या कुंभारांची भरभराट झाली. गिऱ्हाइकाला जुन्या ताटाची सवय होती, म्हणून कुंभारांनी चांदीच्याच भांड्यांचे आकार उचलले. शिरस्त्राण उलटे ठेवावे तशी झारी, कंगोऱ्यांचे तबक, काठावरची झालरीसारखी नक्षी, सगळे मातीत उतरले, निळ्या रंगाने रंगले आणि भट्टीत भाजले. चांदीच्या झाऱ्या वितळल्या. मातीच्या झाऱ्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. माती वितळवून नाणे पडत नाही, म्हणून तिच्यावर कोणाची वाईट नजर गेली नाही.

तुमच्या घरात आजीच्या माहेरचे एखादे तबक असेल, गुलाबदाणी असेल, पंचपाळे असेल. संस्थानी काळात कुणा पूर्वजाला दरबारातून मिळालेला थाळा असेल. चांदीचा भाव चढला की तो मोडीत द्यावासा वाटेल. गरज असेल तर द्याही, घरातल्या माणसाचे आजारपण आणि मुलांचे शिक्षण भांड्यापेक्षा मोठेच आहे. पण पेढीवर जाण्याआधी ते उजेडात धरा. मागच्या बाजूला ठसा आहे का, कोरलेले नाव आहे का, ते पाहा. चारी बाजूंनी फोटो काढा. हे कोणी दिले, कोणासाठी केले, कुठल्या गावच्या सोनाराच्या हातचे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि लिहून ठेवा. सराफ वजनाचे पैसे देईल. बाकीचे तुम्हालाच जपायचे आहे.